जोश की जोष? शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं

आमच्या ढोल पथकाच्या टीशर्टवरून जे भांडण झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा उद्योग कशासाठी ते कळेल. आषाढ लागलेला, नदीपात्रात सराव सुरू झालेला, १४० टीशर्ट छापायचे होते आणि पाठीवर एकच शब्द हवा होता, जोश. डिझाईन ग्रुपवर पडलं आणि पाच मिनिटांत पहिला मेसेज, 'पोटफोड्या ष पाहिजे ना?' मग सुरूच झालं. ताशावर असतो तो दादा म्हणाला जोष हा संस्कृत शब्द आहे, जुष् धातूपासून, लावा पोटफोड्या. दुसऱ्याने टाकलं की जोशी आडनाव पण त्यातूनच आलंय, आणि खाली एका जोशीबुवांनी स्वतःच हसून लोळायचे इमोजी टाकले. छपाईवाल्याला संध्याकाळी सहापर्यंत फायनल हवं होतं. मी म्हटलं दोन तास द्या, बघून सांगतो, आणि त्या दोन तासांत जे केलं तेच इथे लिहितोय. हे कुठल्याही शब्दाला चालतं, फक्त आपल्यासमोर आत्ता जोश आहे.

पहिलं काम म्हणजे गुगल उघडायचं नाही. खरंच नाही. कागद घ्या आणि तो शब्द आपण कुठल्या क्रियापदांबरोबर वापरतो ते लिहा. लोक थेट 'अमुक मीनिंग इन मराठी' सर्च करतात, त्यात शब्दाचं भाषांतर मिळतं, मूळ नाही मिळत. मी लिहिलं, जोश येतो, जोश चढतो, जोश ओसरतो, जोशात असतो, जोश थंड पडतो. आता या यादीकडे नीट बघा. चढतो, ओसरतो, थंड पडतो. म्हणजे आपण या गोष्टीला पाण्यासारखं किंवा दुधासारखं वागवतोय, ती वर येते, खाली बसते, गार होते. डोंगर चढतो पण ओसरत नाही, पूर ओसरतो पण थंड पडत नाही, हे सगळं एकाच वेळी लागू पडेल अशी वस्तू फक्त गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात सापडते.

आणि हा विचार एकदा डोक्यात आला की मग मराठीत जिकडेतिकडे स्वयंपाकघर दिसायला लागतं. आनंदाच्या उकळ्या फुटतात. असंतोष खदखदतो. रक्त सळसळतं, ते वेगळं सोडा, पण उत्साहावर विरजण पडतं, हे बघा ना, चांगलं तापलेलं दूध आहे आणि कुणीतरी त्यात आंबट थेंब टाकतंय आणि ते गपकन थिजतंय, किती नेमकं आहे ते. आणि सगळ्यात भारी म्हणजे व्रताच्या कहाण्यांमधलं वाक्य, आजी श्रावणात वाचायची, 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही'. लहानपणी मला वाटायचं उतणार नाही म्हणजे गाडीतून उतरणार नाही. उतणं म्हणजे दूध ऊतू जातं ते उतणं. म्हणजे आत जोर आहे, उष्णता आहे, पण काठाबाहेर जाणार नाही असं ती बाई देवाला कबूल करतीय. एका वाक्यात एनर्जी आणि माज यातला फरक सांगून मोकळी. हे सगळं जोशचं मूळ सिद्ध करत नाही हां, एवढंच कळतं की मराठी डोक्याला उत्साह म्हणजे उकळी हे नवीन नाही. पण शोधायला निघताना हातात एक अंदाज असलेला बरा, नाहीतर शब्दकोशातल्या दहा अर्थांमध्ये माणूस हरवतो.

आता शब्दकोश. मराठीसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून सुरुवात करा, पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे, देवनागरीत टाईप करून शोधता येतं. त्यात शब्दाशेजारी कंसात एक छोटं रोमन अक्षर असतं, लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि आपलं तर सगळं काम तिथेच असतं. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी. त्याच साइटवर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण आहे, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड आले त्याचे, तिथे नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ देतात, सं. फा. वगैरे, आणि ध्व. असं दिसलं तर तो शब्द आवाजावरून बनलाय असं त्यांचं म्हणणं. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६चा आहे, तो हाताशी असला तर उत्तम. फारसीकडे बोट गेलं की माधव ज्यूलियन म्हणजे पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश बघायचा, कवी माणूस पण काय चिकाटीने केलंय काम.

दोन टिपा इथे. एक, स्पेलिंग बदलून शोधा. जुन्या कोशांत कांहीं, नांव असे अनुस्वार भरपूर असतात, ऱ्हस्वदीर्घ आजच्यासारखं नसतं, त्यामुळे एकदा टाईप करून 'नाही सापडला' म्हणून सोडू नका. श ने शोधा, ष ने शोधा, स ने पण शोधा. दोन, तीन कोशांत एकच गोष्ट दिसली म्हणजे तीन पुरावे झाले असं नाही, नंतरचा आधीच्याकडून घेतो बऱ्याचदा, त्यात गैर काही नाही पण आपण मोजताना एकच मोजायचा.

जोशचा माग फारसीकडे जातो. इथे बरेच लोक थांबतात, 'फारसी आहे' एवढं लिहून मोकळे. आपण नाही थांबायचं कारण खरी मजा पुढे आहे. आधी उर्दू लिपीतलं स्पेलिंग काढा. लिपी वाचता येत नसली तरी चालतं, प्लॅट्सचा १८८४चा उर्दू कोश त्याच शिकागोच्या साइटवर आहे, अक्षराचं नाव तेवढं कुणाला तरी विचारा किंवा ताडून बघा. का करायचं हे? कारण मराठीत आपण जोर आणि जोश एकाच ज ने लिहितो, त्यामुळे वाटतं दोघे भाऊ असतील, जोर लावला की जोश येतो वगैरे. पण फारसीत जोर हा ज़े ने सुरू होतो आणि जोश हा जीम ने. दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळे आवाज, दोन वेगळी घराणी. आपल्या जोर-बैठकांमधला जोर म्हणजे बळ, शक्ती. जोशचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे एवढं एक काम केलं असतं तर अर्धे फॉरवर्ड जन्मालाच आले नसते.

मग मूळ भाषेत अर्थ बघायचा, आणि तो आपल्या भाषेतल्या अर्थापेक्षा वेगळा असेल अशी तयारी ठेवून बघायचा. फारसीत जोशीदन म्हणजे उकळणं. जोश म्हणजे उकळी. बस, एवढंच. पातेलं. ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला हाक मारली आणि ती म्हणाली मग, आता चहा टाक.

नुसता कोशातला अर्थ मिळाला तरी समाधान मानू नका, त्या शब्दाची भावंडं शोधा, भावंडं खोटं बोलत नाहीत. जोशची दोन भावंडं आपल्याला माहिती असतात. एक जोशांदा. सर्दी-खोकल्यावर युनानी औषधवाले देतात ना, गावजबान, मुलेठी, उन्नाब असलं काय काय घालून उकळलेलं कडवट पाणी, हल्ली त्याची पावडरची पाकिटं पण मिळतात. जोशांदा म्हणजे शब्दशः उकळलेलं, आपल्या भाषेत काढा. काढ्याला जोश नाव असलेलं बघून मला फार आनंद झाला कारण तो पिताना कुणालाही जोश आलेला मी बघितलेला नाही. दुसरं भावंड रोगन जोश. त्यातलं रोगन म्हणजे फारसीत तेल, तूप, स्निग्ध पदार्थ, आणि हाच शब्द आपल्याकडे सुताराच्या हाताला लागला आणि रोगण झाला, दरवाज्याला लावतात ते, रंगरोगण म्हणतो बघा. कच्छमधल्या निरोणा गावची रोगन कला पण तीच, एरंडाचं तेल उकळून घट्ट करतात आणि त्यात रंग मिसळून कापडावर काढतात. त्या मटणाच्या नावाची फोड कशी करायची यावर जेवणाच्या टेबलावर वाद होतात पण तुपात उकळलेलं ही फोड जास्त सांगितली जाते.

आणखी एक करून बघा, तो शब्द आज त्याच्या माहेरी काय करतोय. आजच्या इराणमध्ये याचा उच्चार जूश असा होतो आणि त्याचा अर्थ उकळी तर आहेच, आब-ए-जूश म्हणजे उकळतं पाणी, पण चेहऱ्यावरची पुटकुळी पण जूश, लोखंडाचं वेल्डिंग पण जूश आणि खायचा सोडा म्हणजे जूश-ए-शीरीन, गोड उकळी! सगळीकडे काहीतरी वर येतंय, फसफसतंय, वितळतंय. म्हणजे तेहरानमधल्या वेल्डरच्या दुकानावर जोश लिहिलेलं असतं आणि आमच्या पथकाच्या पाठीवर पण.

आता जोशचा जूश कसा झाला म्हणून घाबरू नका, उलट हा मोठा क्लू आहे. फारसीत पूर्वी ए आणि ई, ओ आणि ऊ असे वेगळे स्वर होते. इराणमध्ये पुढे ते मिसळले, ए चा ई झाला आणि ओ चा ऊ. आपल्याकडे जी फारसी आली ती जुन्या उच्चारांची होती आणि आपण ते उच्चार जपून ठेवले. म्हणून आपला दोस्त तिकडे दूस्त, आपला रोज तिकडे रूज, गोश्तचं गूश्त, सफेदचं सिफीद. गंमत म्हणजे शेर म्हणजे सिंह आणि शीर म्हणजे दूध हे पूर्वी वेगळे होते, आता तेहरानमध्ये दोन्ही शीर, अफगाणिस्तानात अजून वेगळे म्हणतात. तर एखाद्या फारसी शब्दात मराठीत ए किंवा ओ दिसला आणि इराणी उच्चारात ई किंवा ऊ ऐकू आला तर समजायचं की गाडी बरोबर रुळावर आहे.

याच रांगेत आपली उमेद बसते, इराणात तिचा उमीद झालाय. उमेद म्हणजे तिकडे आशा. आपण मात्र तिचा दम केला, उमेद खचली, उमेदीची वर्षं, या वयात काय उमेद आहे हो यांची असं म्हणतो तेव्हा आशेबद्दल नाही बोलत, अंगातल्या रगेबद्दल बोलतो. आणि उमेदवार म्हणजे मुळात आशेवर बसलेला. पूर्वी कचेरीत पोरं बिनपगारी काम करायची, कधीतरी जागा मिळेल या आशेवर, त्याला उमेदवारी करणं म्हणायचे, आजची इंटर्नशिपच की. मग तो शब्द निवडणुकीला गेला, तिथे आशा कुणाला असते ते तुम्ही ठरवा.

बरं, मूळ सापडलं. पण काम संपलं नाही, कारण ताशावाला दादा अजून ऑनलाईन होता. विरुद्ध बाजूचा दावा पण तितक्याच मेहनतीने तपासायचा, नाहीतर आपणही आपल्याला आवडलेलं उत्तर घेऊन पळणारेच. तर संस्कृतात जुष् धातू आहे का? आहे. अर्थ, आवडणं, रुचणं, आवडीने सेवन करणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला अनार्यजुष्टम् म्हणतो त्यात तोच आहे. त्यापासून जोष शब्द होतो का? होतो. इथपर्यंत दादा बरोबर. मग मी जोषम् चा अर्थ उघडला, कोलोन विद्यापीठाच्या साइटवर मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत कोश आहे तिथे. एक अर्थ, आपल्या मर्जीने. दुसरा अर्थ, गुपचूप. जोषम् आस् म्हणजे गप्प बसणं! एकशेचाळीस लोक ढोल बडवणार आणि पाठीवर शब्द काय तर गप्प बसा. मी स्क्रीनशॉट टाकला. दादा पाच मिनिटं जोषम् होता.

पण नुसता अर्थ जुळत नाही म्हणून दावा मोडला असं नको, अर्थ फिरतात, उमेदचा फिरलाच की. खरी कसोटी आवाजाची. फारसी ही संस्कृतची मुलगी नाही, चुलत बहीण आहे, त्यामुळे दोघींमध्ये एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं सापडतात आणि ती मनाला येईल तशी बदललेली नसतात. संस्कृतात सुरुवातीला ज असलेले काही शब्द फारसीत द घेऊन भेटतात. जामातृ, ज्याचा आपला जावई झाला, तो तिकडे दामाद. ज्ञा, जानाति, त्याचा नातेवाईक तिकडचा दान, आपल्या नादानमधला, कदरदानमधला. आणि जुष्? त्याचा फारसी नातेवाईक म्हणजे दोस्त. आवडणारा तो दोस्त. किती छान आहे हे, दादाला जोश हवा होता आणि निघाला दोस्त. उलट फारसीतल्या सुरुवातीच्या ज च्या मागे संस्कृतात य असतो बऱ्याच वेळा, युवन् आणि जवान, यकृत् आणि जिगर. त्यामुळे जोशचा संस्कृत नातेवाईक हुडकायचाच असेल तर ज च्या नाही, य च्या कप्प्यात हात घालायचा. तिथे यूष बसलेला दिसतो, आयुर्वेदातला मुद्गयूष म्हणजे मुगाचं कढण. परत पातेलंच! पण हा अजून उमेदवार आहे, निवडून आलेला नाही. मी वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द लिहितो, पक्कं, बहुतेक, नुसती गंमत. जोश म्हणजे उकळी याच्यापुढे पक्कं. यूषपुढे सध्या बहुतेक पण नाही, गंमत. ही सवय लावून घ्या, सहा महिन्यांनी वही उघडल्यावर आपलंच आपल्याला कळत नाही की हे वाचलेलं होतं की सुचलेलं.

जोशी पटकन उरकतो. जोशी हा ज्योतिषीपासून, गावाचं पंचांग सांगणारा, मुहूर्त काढणारा गावजोशी. नावं कानाला जुळतात म्हणून नाती जोडायची नाहीत एवढंच.

हीच पद्धत उत्साहला लावून बघा, अर्ध्या तासात होतं. उत् अधिक सह्. आज सह् म्हटलं की सहन करणं आठवतं, बिचारं काहीतरी. पण वेदात सह् म्हणजे वरचढ होणं, जिंकणं. अषाढ म्हणजे जो जिंकला जात नाही तो, त्यावरून नक्षत्र आणि त्यावरून आपला आषाढ महिना, ज्यात आम्ही टीशर्टवरून भांडत होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायिभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह आहे, कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या त्यात प्रभुशक्ती, मंत्रशक्ती आणि तिसरी उत्साहशक्ती. एवढा लढाऊ शब्द आणि आपण त्याला 'हळदीकुंकू समारंभ मोठ्या उत्साहात संपन्न' मध्ये नेऊन बसवला. अर्थात आमच्या सोसायटीतली हळदीकुंकवाची वाणाची रांग बघितली तर वीररसच योग्य वाटतो.

शेवटी श की ष. फारसीत तिथे शीन आहे, साधा शहामृगातला श, त्यामुळे जोश. मग ष आला कुठून? एकटा आला नाही तो. खुशचं आपण खूष केलं, पोशाखचं पोषाख पण लिहितात लोक, आणि तसंच जोशचं जोष. तिन्ही फारसी, तिन्हींना आपण संस्कृतची धोतरं नेसवली. छापील मराठीत जोष भरपूर सापडतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला अडाणी ठरवायची गरज नाही, मी पण शाळेत निबंधात जोषच लिहायचो. असा एखादा शब्द अडला की त्याच वळणाचे अजून दोन-तीन शोधा, एकट्या शब्दात जे चूक वाटतं ते तीन शब्दांत सवय म्हणून दिसतं.

सहाला दहा कमी असताना मी ग्रुपवर फायनल टाकलं, साधा श, आणि आता एवढं सगळं केल्यावर मलाच जरा उकळी फुटलेली म्हणून पुढे एक उद्गारचिन्ह ठोकून दिलं. जोश! असं. सगळ्यांनी अंगठे दिले, दादाने पण. छपाईवाल्याने ते वाचून स्वतः परत टाईप केलं. उद्गारचिन्हाला त्याने काना समजला. गणपतीत आम्ही १४० जण पाठीवर 'जोशा' लिहून वाजवत होतो आणि लक्ष्मी रोडवर एक आजोबा जोशीबुवांना थांबवून विचारत होते की बाळा, ही जोशा कोण?